वहीत न मारलेली रेघ

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि त्याबरोबर बहुतेक शब्दही. आपण पहिला शब्द दिला तर कधीकधी ते पुढचा बोलतात. ‘चहा’ म्हटलं की ‘नको’ येतं. एवढ्यावर आमचं घर चाललंय.

रोज संध्याकाळी मी त्यांना कोपरखैरण्याच्या घरातून खाडीकाठच्या उद्यानात आणते. तिथल्या खुल्या रंगमंचासमोर, पहिल्या पायरीवर आम्ही बसतो. ओहोटी असली की चिखलाचा वास येतो. घराजवळ दुसरी बरी बाग आहे, पण मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती इथेच घडली होती.

बाबा तुर्भ्याच्या एका कारखान्यात कारकून होते, पण जीव सगळा प्रॉम्प्टिंगमध्ये. आमच्या हौशी नाटकमंडळीत त्यांनी विंगेत उभं राहून कित्येक वर्षं वाक्यं दिली. वाक्याचा फक्त पहिला शब्द द्यायचा, तोही नटाचा श्वास संपल्यावर, हा त्यांचा नियम. नट विसरलाय की मुद्दाम थांबलाय हे कळावं म्हणून त्यांच्या वहीत पेन्सिलीच्या उभ्या रेघा असत. रेघ असेल तिथे पॉज. तिथे आभाळ कोसळलं तरी बाबा तोंड उघडणार नाहीत. ही खोड घरीही सुटायची नाही. माझ्या लग्नात भटजी अडखळले, तर पुढचा शब्द बाबांनीच दिला. आई डोळे वटारून बघतच राहिली.

चार वर्षांपूर्वी याच मंचावर आमची एकांकिका होती आणि मुख्य भूमिका माझी होती. खुल्या मंचाला विंग नाही, म्हणून बाबा वही घेऊन या पहिल्या पायरीवर बसले. त्याच दिवशी सकाळी दिग्दर्शकाने आणि मी शेवटच्या प्रसंगात एक लांब पॉज घातला होता. पत्र वाचून झाल्यावर मी नुसतं उभं राहायचं. असा बदल झाला की बाबांच्या वहीत रेघ मारायची नटाने, म्हणजे मी. साडी आणि केसांच्या नादात मी ती मारलीच नाही.

प्रयोगात मी थांबले. लोक चिडीचूप झाले. जमलं, असं मला वाटलं आणि तेवढ्यात बाबांनी शब्द दिला. मंचाच्या कडेला ठेवलेल्या माईकने तो उचलला आणि उद्यानभर ऐकवला. मागून कोणीतरी ओरडलं, “काका, तुमीच या ना वर!” हशा पिकला आणि प्रसंगाची माती झाली.

प्रयोगानंतर मी सगळ्यांदेखत बाबांवर ओरडले. “कळत नाही तर बसता कशाला? पुरे करा आता हे!”

त्यांनी वही उघडून ते पान पाहिलं. रेघ नव्हती. मग माझ्याकडे पाहिलं. मला त्याच क्षणी आठवलं, आणि तरी मी मान दुसरीकडे वळवली. “चुकलं माझं, वय झालं,” असं ते दिग्दर्शकाला म्हणाले. नंतर त्यांनी वही हातात धरली नाही. मंडळी बोलवायला आली तेव्हा “डोळे साथ देत नाहीत” म्हणाले. पेपर मात्र चष्म्याशिवाय वाचायचे.

सांगू, सांगू म्हणत मी तीन वर्षं काढली. स्टेजवर शंभर माणसांसमोर उभी राहणारी मी, बापासमोर पक्की भित्री निघाले. मला स्वतःची चीड येते. आणि मग झटका आला.

काल सांगितलं. मंचावर शाळेच्या मुलींची नाचाची तालीम नुकतीच संपली होती. “बाबा, त्या दिवशी वहीत रेघ मी मारली नव्हती. चूक माझी होती आणि मला ते तेव्हाच कळलं होतं.”

ते माझ्याकडे वळले. ओठ हलले, पण शब्द आला नाही. मी थांबले. त्यांच्याच नियमाने त्यांचा श्वास संपू दिला. शब्द सापडत नव्हता की ते मुद्दाम थांबले होते, मला कळेना. शेवटी राहवलं नाही. मी हळूच म्हटलं, “असू...”

पुढचा ‘दे’ त्यांनी म्हणायचा होता. बराच वेळ ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली आणि रिकाम्या मंचाकडे बघत बसले.