शेवटचा फर्मा

पुस्तकांचे शत्रू तीन. वाळवी, दमट हवा आणि आमच्या बायकोचे मामा. पैकी पहिल्या दोघांवर कडुलिंबाच्या पाल्याचा आणि उन्हाचा उपाय चालतो. मामांवर आजवर कशाचाच चालला नाही. भारी किमतीचा ग्रंथ असो की आठवडी बाजारातली फाटकी कादंबरी, मामांच्या हाती पडली की तिचे तुकडे झालेच म्हणून समजावं. बरं, हे सगळं प्रेमापोटी! पुस्तकांचा द्वेष करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ती बिचारी पुस्तकांना हात तरी लावत नाहीत.

साताऱ्याहून बदली होऊन मी सांगलीच्या शाळेत मराठीचा मास्तर म्हणून आलो, तेव्हा लढाई ऐन भरात होती आणि कागदाचा दुष्काळ पडला होता. नव्या पुस्तकाची एक प्रत पुण्याहून मिळाली तरी नशीब. मामा तीस वर्षं आगगाडीच्या टपालाच्या डब्यात सॉर्टर होते. हलत्या डब्यात, मिणमिणत्या दिव्याखाली, हातातलं पत्र कुठल्या खणात टाकायचं एवढाच विचार त्यांनी जन्मभर केला. पेन्शन घेतल्यावर खण संपले, पत्रं संपली, पण हाताची खोड जाते कुठं? त्यांनी 'सहवाचन मंडळ' काढलं. आठ सभासद आणि एक पुस्तक. दुसरा कुणी असता तर पाळीपाळीनं वाचलं असतं. मामांनी थैल्यांच्या सुतळ्या कापायची आपली जुनी सुरी काढली, पुस्तकाचा पुठ्ठा सोलला, शिवण उसवली आणि सोळा सोळा पानांचे आठ फर्मे वेगळे करून आठ जणांना वाटून टाकले. प्रत्येकानं आठवडाभर आपापला फर्मा वाचायचा. दुसऱ्याच्या फर्म्यात डोकावायचं नाही. रविवारी दुपारी तीन वाजता मामांच्या सोप्यात भिंतीला पाठ लावून ओळीनं बसायचं आणि पहिल्यापासून आठव्यापर्यंत ज्यानं त्यानं आपला मजकूर सांगायचा. असं वाचन कुठल्या मुलखात चालतं हो?

"एकट्यानं पुस्तक संपवणं म्हणजे एकट्यानं पंगत झोडणं, जावईबापू," मामा मला म्हणत. मी मनात म्हणे, पंगतीत निदान एकाला नुसतं मीठ आणि दुसऱ्याला नुसती जिलबी तरी वाढत नाहीत.

कारण वाटपाचे नियम मामांचेच. पहिला फर्मा माझ्या बायकोला, सुरुवात घरच्या माणसानं करावी म्हणून. दुसरा मला. दुसऱ्या फर्म्यात आमचे कादंबरीकार हटकून निसर्गवर्णन घालतात, हे मला दोन वर्षांत कळलं. तिसरा हळदीचे व्यापारी आण्णा यांना. त्यांच्या हातून आलेलं प्रत्येक पान पिवळं असे आणि नायक-नायिकेच्या भेटीचा प्रसंग ते "सौदा जमला बघा" एवढ्यात उरकत. चौथा हवालदारांना. हे विट्याकडचे, मागच्या लढाईतून परतलेले, झुपकेदार मिशांचे गृहस्थ. मारामाऱ्या चौथ्या फर्म्यात असतात असा मामांचा सिद्धान्त होता, आणि तो दर खेपेला खोटा ठरून हवालदारांच्या वाट्याला नेमकं प्रेम येई. ते ताठ बसून रिपोर्ट देत, "नायकीन खिडकीत हुबी ऱ्हायली. डोळं पुसलं. कारन दिल्यालं न्हाई." पाचव्यापासून सातव्यापर्यंतचे तिघे वर्णन करण्याच्या लायकीचे नव्हते. आणि आठवा, शेवटचा फर्मा, कायम मामांकडे. "शेवट म्हणजे जबाबदारीचा माल," ते म्हणत. "तो रजिस्टरनं जातो."

एकदा हवालदारांच्या फर्म्याच्या शेवटच्या ओळीत नायकानं नदीत उडी घेतली. आपल्यापुरता नायक गेला, असं धरून ह्या भल्या माणसानं आठवडाभर सुतक पाळलं. रविवारी पाचव्या फर्म्यानं तोंड उघडलं, ते 'तो घाबरून जागा झाला' असं! हवालदारांचा चेहरा लाल झाला. "म्हंजे ह्या गड्याच्या सपनापायी म्या आठ दिस मटान सोडलं व्हय?" ते गरजले. मामा हसून हसून खोकले. मी हसलो नाही. साहित्याची अशी खाटिकगिरी मला बघवत नसे.

आणि ते शेवट! मामांनी सांगितलेल्या प्रत्येक शेवटी एक पत्र येई. नायिका विष घेणार, तेवढ्यात पोस्टमन. घराचा लिलाव पुकारला, तेवढ्यात पोस्टमन. वाट चुकलेलं, दोन वर्षं कुठं तरी अडकलेलं, शाई पुसट झालेलं पत्र अगदी वेळेवर हजर, की सगळ्यांचं कोटकल्याण. मी वर्गात मुलांना सांगत असे, मराठी कादंबरीकारांना कल्पनाशक्ती म्हणून नाही, ह्यांना पोस्टमनशिवाय गोष्ट संपवता येत नाही. मंडळी मात्र पत्र आलं की सुस्कारा टाकत. हवालदार तर गुडघ्यावर थाप मारून म्हणत, "आलं! म्या म्हनलंच हुतं, येनार!" त्यांचा थोरला मुलगा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता आणि वर्षभर त्याची चिठ्ठीचपाटी नव्हती. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही दोन आणि दोन चार करता आले नाहीत, ह्याला मास्तरकी म्हणतात.

मग एका शनिवारी शाळेतून घरी येतो तो काय, कॉलेजात मला बक्षीस मिळालेली कादंबरी कपाटात नाही! इतकी जपलेली, की मी ती अजून वाचलीही नव्हती, घडीला जोडलेली पानंसुद्धा सुरीनं कापली नव्हती. बायको म्हणाली, "मामा घेऊन गेले." मी तसाच पळालो. मामा सोप्यात मांडी घालून बसले होते आणि माझ्या बक्षिसाचे आठ तुकडे त्यांच्यापुढं ओळीनं मांडलेले होते.

"रागावू नका, जावईबापू," ते म्हणाले. "पुन्हा शिवून देतो. खाकी कापडाची बांधणी, जन्मात उसवायची नाही."

मामा माझ्यासाठी पाणी सांगायला आत गेले, तेवढ्यात त्यांची ती खाकी बांधणी काय लायकीची आहे ते बघावं म्हणून मी मंडळाचं कपाट उघडलं. एक पुस्तक चाळलं, दुसरं चाळलं. मग सगळीच खाली काढली. प्रत्येक पुस्तकाचे सात फर्मे हाताळून मऊ झालेले, तिसरा पिवळा. आणि शेवटचा कोरा करकरीत. छापखान्यातून आलेल्या घड्या तशाच, एकही पान सुरीनं कापलेलं नाही. आठवा फर्मा मामांनी कधी उघडलाच नव्हता! मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हातारा सापडला.

पुढल्या रविवारी माझ्या पुस्तकाचे सात फर्मे सांगून झाले. गोष्ट अशी, की आईचा एकुलता एक मुलगा गलबतावर गेलेला आणि आई रोज धक्क्यावर जाऊन बसते. मामांनी घसा खाकरला. "तर एके दिवशी ती धक्क्यावर बसलेली असताना पोस्टमन..."

"थांबा, मामा," मी उभा राहिलो. खिशातून सुरी काढून त्यांच्यापुढं ठेवली. "पानं न कापता वाचता कशी येतात, ते आधी मंडळाला सांगा. आजवरचा एकही शेवट तुम्ही वाचलेला नाही. सगळे घरी रचलेत!"

कुणीच चकित झालं नाही. तिथंच मला समजायला हवं होतं. आण्णा जमिनीकडं बघू लागले. हवालदार म्हणाले, "मास्तर, आमाला काय ठावं न्हाई व्हय? मामा पायरी चाचपत उतरत्यात, त्ये तुमाला दिसलं न्हाई? तुमचं डोळं तर चांगलं हायती."

माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक होतं. सगळ्या सांगलीत एक मी तेवढा आंधळा होतो.

मामांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. त्यांना बाकीच्यांचंही नवल वाटलेलं दिसलं. "तुम्हा सगळ्यांना माहीत होतं? मग बसत कशाला होता रे ऐकत?" मग ते मला म्हणाले, "खरं आहे, जावईबापू. शाईचा डाग दिसतो, अक्षर दिसत नाही. कापा पानं. तुम्हीच वाचा. मलाही एकदा कळू दे, खरे शेवट कसे असतात ते."

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी मराठीचा मास्तर! घड्या कापल्या आणि खड्या आवाजात सोळा पानं वाचली. आई वाट बघत राहते. पावसाळे जातात. मुलगा येत नाही, निरोप येत नाही, आणि एके सकाळी आई धक्क्यावरच मरून पडलेली लोकांना दिसते. समाप्त.

"आणि पत्र?" आण्णांनी विचारलं.

"पत्र नाही," मी म्हणालो.

हवालदारांनी पटका डोक्यावर ठेवला आणि ते उठले. दारात त्यांचा हात चौकटीवर क्षणभर थांबला. मामा घाईघाईनं म्हणाले, "हवालदार, अहो, लेखकाकडून राहिलं असेल. पत्र वाटेत असतं. मी तीस वर्षं बघितलंय, वाटेत असतं." हवालदार मागं न बघता पायऱ्या उतरून गेले. माझ्या हातात ती सोळा पानं तशीच होती आणि ती कुठं ठेवावीत ते मला सुचेना.

त्यानंतरचे पाच रविवार चौथा फर्मा कुणी सांगितलाच नाही. मामा हवालदारांच्या घरी माणूस धाडत, ते "बरं न्हाई" म्हणून सांगत. शेवटचा फर्मा आता माझ्याकडे आला होता. मी तो शक्य तितका हळू आवाजात वाचत असे.

सहाव्या रविवारी हवालदार आले. आपल्या जागेवर न बसता ते थेट मामांपुढं गेले आणि त्यांनी एक पाकीट पुढं केलं. पलटणीतून आलेलं. "परवा आलंय," ते म्हणाले. "पोराचं अक्षर न्हाई. कुनी परक्यानं लिवलंय. मला वाचाय येतंय, पर फोडवंना. शेवटचा फर्मा तुमचा. तुमीच सांगा."

मामांनी पाकीट हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलंच नाही. अंगठ्यानं कड चाचपली, तळहातावर तोललं, पुन्हा कड चाचपली.

"मुलगा खुशाल आहे," ते म्हणाले.

"कशावरनं?"

"आत चार कागद आहेत, हवालदार. वाईट बातमीला एवढा कागद लागत नाही."

मग त्यांनी पाकीट माझ्याकडं दिलं. "फोडा, जावईबापू."

सुरी दोनदा घसरली. चारच कागद निघाले. उजव्या हाताला गोळी लागलेली, म्हणून इस्पितळातल्या शेजारच्या खाटेवरच्या शिपायानं लिहून दिलेलं. पहिल्या ओळीत खुशाली, आणि उरलेल्या साडेतीन पानांत बैलांची, विहिरीची, धाकटीच्या लग्नाची चौकशी. मी वाचत होतो आणि हवालदार पटक्याच्या शेवानं डोळे पुसत होते. कारण सांगायची गरज नव्हती. वाचून झाल्यावर त्यांनी गुडघ्यावर थाप मारली, पण 'आलं' हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. मामा तेवढे नेहमीसारखे बसले होते, शेवट सांगून झाल्यावर बसत तसे.

पुढल्या पुस्तकापासून शेवटचा फर्मा मी पुन्हा मामांच्या हवाली केला, तो त्यांच्या शेवटापर्यंत.

मामा गेल्यावर मंडळाचं कपाट माझ्याकडं आलं. आण्णांची पिवळी बोटं, हवालदारांनी मुडपलेले कोपरे आणि, मी कापलेली पाच-सहा सोडली तर, प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी ती न कापलेली सोळा पानं. साहित्यावर असा अत्याचार मी दुसऱ्या कुणाचा खपवून घेतला नसता. सुट्टीत कधी तरी एखादं खाकी पुस्तक घेऊन बसतो, सातवा फर्मा संपतो, आणि बायको आतून विचारते, "सुरी हवी का?"

मी म्हणतो, "नको. ह्यात पत्र येतं."