हरणीचे डिंकाचे लाडू

डॉक्टर गेल्याचं दूधवाल्यानं सांगितलं. "आजे, आपलं ढोरांचं डाक्तर नाय रायलं." आठवड्यापूर्वीच कर्जतला जाऊन मी त्यांना भेटून आले होते, म्हणून मला धक्का बसला नाही. पातेलं मात्र हातातच राहिलं...

ओळख झाली ती माझ्या शहाणपणामुळे. तेव्हा आम्ही भिवपुरीच्या पॉवर हाऊसच्या चाळीत राहायचो. मी मॅट्रिक पास, म्हणजे जगातलं सगळं कळणारी! आमच्या म्हाताऱ्या हरणीचं पोट, आचळं सुजलेली दिसली आणि मी जाहीर केलं, कुत्री गाभण आहे. तिच्या गळ्यात हिरवा खण बांधला, डिंकाचे लाडू वळले. सासूबाई म्हणाल्या, "आता ओटी भर गं तिची!" शेजारच्या म्हशीला बघायला डॉक्टर आले होते, त्यांना मी ऐटीत विचारलं, "किती होतील हो?" त्यांनी हरणीचं पोट चाचपलं. खणाला हसले नाहीत. "वहिनी, पिल्लं नाहीत. गाठी आहेत. कॅन्सर."

"इश्श! तो मुंबईच्या श्रीमंतांना होतो."

"कुत्र्यांनाही होतो. म्हाताऱ्या कुत्रीला आचळात फार. हिच्या छातीत उतरलाय, श्वास बघा. आता कापून नुसते हाल होतील."

"आधी दाखवली असती तर?"

"लहान असताना गाठ काढता येते. पण तेव्हाही वाचलीच असती, असं मी म्हणणार नाही. खाते तोवर खाऊ घाला."

पुढे त्या बाजूला आले की ते पायरीवर बसायचे, हरणीच्या बरगड्यांवर हात ठेवून. एकदा मी चिडले. "औषध देत नाही, तर येता कशाला?" म्हणाले, "तुमचा चहा चांगला असतो." माझा चहा! सासूबाई त्याला गुरांचा काढा म्हणायच्या. मग एके दिवशी हरणीनं लाडवावरून तोंड फिरवलं. त्यांनी मला तिचं डोकं मांडीवर घ्यायला सांगितलं आणि सुई दिली. चिंचेखाली पुरलं तिला, खणासकट.

इतक्या वर्षांनी तोच रोग डॉक्टरांच्या घशात आला. काय न्यावं सुचेना, म्हणून लाडू नेले. डबा बघून ते खाटेवरून पुटपुटले, "वहिनी, मला कितवा महिना म्हणायचा?" आम्ही दोघं हसलो, डॉक्टरीणबाई आत निघून गेल्या. हसताना त्यांना दम लागला. मी त्यांच्या बरगड्यांवर हात ठेवून बसून राहिले. त्यांनी विचारलं, "काही करता येत नाही... मग आलात कशाला?"

"तुमच्याकडचा चहा चांगला असतो."

दिवस झाल्यावर डॉक्टरीणबाई डबा घेऊन आल्या. कुणाचा डबा रिकामा परत करू नये म्हणतात. त्यांनीही भरलेलाच परत केला, माझ्याच लाडवांनी. एकाची कड तेवढी मोडलेली आहे. डबा फडताळात आहे. मुंग्या लागतील, कळतंय मला...