खालच्या रेघेची नावं

शनिवारी दुपारी काट्यावरची गर्दी जेवणापुरती ओसरली की मी ती यादी काढते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी ताईंच्या खुर्चीमागं उभी होते. वाटलं, ही बाई दुसऱ्याच्या घरातलं कपाट उघडून बसलीय, आणि आता कुणीतरी ओरडणार.

माझं माहेर चंदगडकडं, पार कर्नाटकाच्या कडेला. शाळा आठवीत सुटली. नवरा रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवायला वाशिम जिल्ह्यात आला, मागोमाग मी आणि लेक. रस्ता झाला, आम्ही मात्र इथंच राहिलो. शेलूबाजारात हायवेला लागून सोयाबीन-तुरीचं मोठं गोदाम आहे. तिथल्या वजनकाट्यावर पावत्या टाइप करायला बाई हवी होती. अर्जात शिक्षणापुढं मी दहावी लिहिलं. लिहिताना हात ओला झाला होता, कागदावर डाग पडला.

अर्ज ताईंनी वाचला. काट्याचा कॉम्प्युटर आणि त्यामागचा डेटाबेस त्यांच्याकडं होता. डाग बघून त्यांनी विचारलं, "दहावीले कोन्ती शाळा व्हती?"

मी पदरानं तो डाग टिपायला लागले.

"बरं. आकडे येतात ना? मंग बस इथं."

एवढंच. पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही. मी मात्र रोज सकाळी वाटेनं विचार करायची, आज कुणीतरी विचारणार. आठ वर्षं झाली. अजूनही गोदामाच्या साहेबांनी नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी मला आधी तो अर्ज आठवतो.

ताई मेडशीच्या. रोज एसटीनं मालेगावला यायच्या आणि तिथून दुसरी गाडी धरून इकडं. त्यांच्या घराण्यात पगाराची नोकरी करणाऱ्या त्याच पहिल्या. वडील मजूर. म्हातारपणी सही शिकले आणि मग घरातल्या भिंतींवर, दाराच्या मागं, पाण्याच्या टाकीवर, जिथं जागा दिसेल तिथं कोळशानं स्वतःचं नाव लिहीत सुटले. ताई हसत सांगायच्या. "माय म्हने, अवं माणूस हाये का दुकानाची पाटी! तं बाबा म्हनत, आपलं नाव कोनी लिवतच नव्हतं कुठं. आता म्या लिवून राह्यलो तं तुले काय दुखते?" मग हसणं थांबायचं आणि त्या म्हणायच्या, "म्हनून सांगते, आपन जे केलं त्याच्याखाली आपलं नाव पाह्यजे. चांगलं असो का वाईट."

मला हे नवीन होतं. आमच्याकडं घरातल्या धाकट्या बाईनं केलेलं थोरलीच्या नावानं सांगायची रीत. पाहुण्यानं विचारलं, आमटी कुणी केली, तर सुनेनं सासूकडं बोट करून म्हणायचं, आत्याबाईंनी. लोणच्याची बरणी माझ्या आईनं भरलेली, पण ती आजीचं लोणचं म्हणूनच गावभर जायची. त्यात खोटं वाटायचं नाही. तो मान होता. आपलं नाव मध्ये घुसवणं म्हणजे उद्धटपणा.

आता यादीचं सांगते. आमच्या सगळ्या पावत्या ज्या डेटाबेसात राहतात, त्यानं कसं वागायचं हे सेटिंगांवर ठरतं. त्यातली काही साधं विचारलं तरी दिसतात. पण ज्यांच्या नावाची सुरुवात खालच्या रेघेनं, अंडरस्कोरनं होते, ती बनवणाऱ्यांनी झाकून ठेवलेली असतात. ती बघायची तर सगळ्यात वरच्या खात्यानं आत शिरायचं आणि आतली दोन टेबलं जोडायची, एकात नावं आणि दुसऱ्यात किमती. मग हजारो ओळी सरकायला लागतात. नाव, आत्ताची किंमत, मूळची आहे की कुणी बदललीय, आणि बदलली असेल तर शेरा.

ताई दर शनिवारी ती यादी मागच्या शनिवारच्या यादीशी ताडून बघायच्या आणि लांबोडक्या वहीत लिहायच्या, "पाहिले. बदल नाही." खाली सही.

"हात लावायचा नाही, तर बघायचं कशाला?" मी एकदा विचारलं.

"आपल्या घरात कोन कोन राह्यते ते मालूम नाई पाह्यजे काय? पाह्यचं. पन हे सारं बनवनाऱ्यायच्या हातचं हाये, आपल्या नाई. आन् लयच वेळ आली, बदललंच, तं शेऱ्यात लिवजो. कोनी केलं, काहून केलं."

मला त्यांनी सगळं शिकवलं. इंग्रजी शब्द मला वाचता यायचे, अर्थ लागायचा नाही. त्या एकेका शब्दाचा अर्थ सांगायच्या, मी पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूला उतरवून घ्यायची. इतकी वर्षं शाळेबाहेर काढल्यावर कुणीतरी शेजारी बसवून शिकवतंय, याचं मला रडू यायचं, आणि ते लपवायला मी चहा आणायला उठायची.

मग ताईंचं ऑपरेशन निघालं. अकोल्याला दवाखाना, पुढं तीन आठवडे घरी. जाताना त्यांनी वरच्या खात्याचा पासवर्ड घडी घातलेल्या कागदावर माझ्या हातात दिला. "शनिवारची यादी तेवढी पाह्यजो. भेऊ नोको."

सोयाबीनचा हंगाम नेमका त्याच दिवसांत भरात आला. गाड्या हायवेपर्यंत लागलेल्या. वजन घेऊन मी सेव्ह दाबायची आणि पडद्यावरचं चक्र फिरत बसायचं. दहा सेकंद, वीस सेकंद. खिडकीबाहेरून ड्रायव्हर एकामागून एक बोलायचे.

"ओ वैनी, मशीन झोपलं काय? चाय पाजा त्याले."

"सोयाबीन पेरून राह्यलं ते आतमंदी. उगवलं का ते देईन पावती."

"ताई व्हत्या तं असं नव्हतं होत."

शेवटचं वाक्य लागलं. खरं तर ताई असताना पण होत होतं, डिस्क जुनी झालेली. पण मला वाटलं, आता साहेब येणार, म्हणणार ह्या बाईला जमत नाही, आणि मग अर्ज बघणार.

शनिवारी यादी काढली. ओळी सरकत होत्या आणि एका ओळीवर ओळखीचा इंग्रजी शब्द दिसला, वेट. थांब. पुढचे शब्द पाठकोऱ्या पावत्यांवरून लावले. अर्थ असा, की पावती डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबायचं. किंमत होती 'होय'. मी मोबाइलवर शोधलं. कुणीतरी लिहिलं होतं, हे 'नाही' केलं तर मशीन पळतं. खाली दोघातिघांनी काय काय इशारे दिलेले. इंग्रजी लांबलचक होतं. मी वाचलं नाही.

मी ते 'नाही' केलं. शेऱ्याची जागा आली. ताईंचं सांगणं आठवलं, कोणी केलं ते लिहायचं. मी रोमन अक्षरात लिहिलं, ताईंच्या सांगण्यावरून. पुढं ताईंचं पूर्ण नाव.

का लिहिलं, तर मला दुसरं सुचलंच नाही. मला जे येत होतं ते त्यांचं होतं. त्यांच्या खुर्चीवर बसून त्यांनी शिकवलेल्या आज्ञेनं मी काम केलं, मग त्यावर माझं नाव कसं टाकणार? मला वाटलं मी मान देतेय.

मशीन पळायला लागलं. सेव्ह दाबलं की पावती. ड्रायव्हर म्हणाले, वैनीनं जादू केली.

चार दिवसांनी दुपारी लाइट गेली. यूपीएसची बॅटरी उतरलेली, सगळं खटकन बंद. लाइट आल्यावर पावत्या पुढं चालू झाल्या. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

ताई कामावर परतल्या त्याच आठवड्यात दोन शेतकरी आपापल्या पावत्या घेऊन आले. कागद आमचा, छपाई आमची, पण कॉम्प्युटरमध्ये त्या नंबरांची नोंद नाही. दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसच्या इंजिनिअरनं पुण्याहून मशीन तपासलं आणि साहेबांनी ताईंना सगळ्यांसमोर, हमालांसमोर, विचारलं, "बाई, खोट्या पावत्या कुणाला काढून दिल्या? सेटिंग तुमच्या नावानं बदललंय."

ताई म्हणाल्या, "मले पाहू द्या."

त्यांनी यादी काढली. मी बाजूलाच उभी. ओळी सरकल्या आणि थांबल्या. ताईंनी शेरा वाचला. मग माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही.

"माझं नाव हाये," त्या म्हणाल्या. "मंग मी काय सांगू?"

चौकशी होईपर्यंत घरी बसा, असं त्यांना सांगितलं. त्यांनी डबा पिशवीत घातला, वही टेबलावर सरळ केली. दारात थांबून मला म्हणाल्या, "पासवर्ड बदलून घेजो."

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. डोळ्यांपुढं लेकीचं दप्तर, तो अर्जावरचा डाग. म्हटलं उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. रोज मालेगावची गाडी थांबली की मी खिडकीतून बघायची, कोण उतरतंय. अकरा दिवस.

बाराव्या दिवशी यादीचा कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, "साहेब, हे मी केलंय. ताईंना माहीतसुद्धा नव्हतं. मशीन आपल्याकडं बदलाची वेळ लिहून ठेवतं, बघा. त्या वेळी त्या अकोल्यात दवाखान्यात होत्या." आणि थांबता येईना म्हणून पुढं म्हटलं, "आणि मी दहावी नाही. आठवी आहे."

साहेब चष्म्यावरून बघत राहिले. "ते कोणी विचारलं आत्ता?"

फोनवर इंजिनिअरनं उलगडून सांगितलं. मशीन लिहून होण्याची वाट न बघता झालं म्हणत होतं; पावती छापली गेली आणि लाइट गेली तेव्हा त्या दोन नोंदी वाटेतच होत्या. गेटच्या रजिस्टरात दोन्ही गाड्या सापडल्या. पावत्या खऱ्या निघाल्या. मला लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. ताईंना साहेबांनी स्वतः फोन केला. त्या येते म्हणाल्या नाहीत.

रविवारी मी मेडशीला गेले. ताई ओसरीत तुरी निवडत होत्या. टाकीवरचं कोळशाचं नाव पुसट झालेलं, पण वाचता येत होतं. मी पायरीवरच बसले आणि रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पाणी दिलं.

"साहेबाले सांगतलं ते चांगलं केलं. पन माझं नाव कायले लिवलं वं?"

मी आत्याबाईंची आमटी सांगितली. आजीचं लोणचं सांगितलं. म्हटलं, आमच्यात असंच असतं ताई, थोरल्यांचं नाव पुढं.

त्यांचा हात सुपात थांबला.

"मले वाटलं, तुह्या मनात माह्यासाठी काही वाईट हाये," त्या म्हणाल्या. "अकरा दिवस हेच वाटून राह्यलं. म्या हिचं काय केलं असन? कोन्त्या दिवशी काय लागलं हिले?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"परत या ना, ताई."

"नाई वं. तू नोको रडू. तुह्यावर राग नाई. पन सगळ्यायसमोर विचारलं ना, खोट्या पावत्या म्हनून. बाबा असते तं... जाऊ दे. आता त्या खोलीत मले बसवनार नाई." निघताना त्यांनी निवडलेली तूर पिशवीभर दिली, लेकीसाठी. त्या परत कामावर नाही आल्या.

इंजिनिअर म्हणाला होता, सेटिंग मूळ किमतीवर सोडून दे, शेऱ्यासकट सगळं निघून जाईल, काही झालं होतं हे दिसणारसुद्धा नाही. मी विचारलं, किंमत पुन्हा 'होय' अशी आपण लिहून ठेवली तर? म्हणाला, "चालेल, पण कशाला? ओळ उगाच यादीत बदललेली म्हणून येत राहील."

मी तरी 'होय' लिहूनच ठेवलं. शेऱ्यात लिहिलं, चूक माझी, ताईंनी सांगितलं नव्हतं. पुढं माझं पूर्ण नाव.

ताई ती यादी आता बघणार नाहीत. साहेब बघत नाहीत, इंजिनिअरही नाही. शनिवारी मी एकटीच असते. ओळी सरकत जातात, मूळची, मूळची, मूळची, आणि मग ती एक येते. मी ती शेवटपर्यंत वाचते. मग ताईंच्या सह्यांखालची पुढची रिकामी ओळ शोधून वहीत लिहिते, पाहिले, बदल नाही, आणि सही करते.