चीफची नदी

जन्म जहाजावर काढलेल्या या माणसाने समुद्र फारसा पाहिलाच नव्हता. कुणी कौतुकाने म्हणालं, "काका, तुम्ही तर सगळे समुद्र पाहिले असतील," की चीफ हसायचे. "समुद्रावर कॅप्टन असतो रे. मी समुद्राच्या खाली होतो. इंजिनरूमला खिडकी नसते."

चीफ म्हणजे चीफ इंजिनिअर. मूळचे देवगडकडचे. बोटीवरून उतरल्यावर सिंगापूरच्याच एका जहाज कंपनीत काही वर्षं काढून निवृत्त झालेले. तिथल्याच बुकित पंजांग भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी एक खोली भाड्याने घेतली होती. मी करमाळ्याचा, नोकरीसाठी तिथे गेलेला. वडील एसटी डेपोत मेकॅनिक, घरात पदवी पाहिलेला मी पहिलाच. तिसऱ्या आठवड्यात मला डेंग्यू झाला. ऑफिसातून 'लवकर बरे व्हा' असा मेसेज आला. चीफ मात्र हॉस्पिटलात खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येक नर्सला "टेम्परेचर किती? प्रेशर किती?" असं विचारत राहिले, जणू मी बंद पडलेला पंप होतो. ताप उतरला त्या दिवशी त्यांनी माझ्या आईला फोन केला. "वहिनी, तुमचं इंजिन चालू झालं." आई अजून ते वाक्य सांगते.

एक नदी मात्र चीफनी डोळे भरून पाहिली होती. नॉर्वेच्या पार उत्तरेला, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, तिथे त्यांची बोट दुरुस्तीसाठी अडकली होती. बंदरावरचा एजंट त्यांना एका दुपारी गाडीत घालून नदीवर घेऊन गेला. आपल्या खाडीएवढं रुंद पात्र, थंडगार, आणि तळातला गोटान् गोटा दिसेल असं पाणी. समुद्रातून वर चढून येणारा सॅमन धरायला लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे. काठावरच्या एका म्हाताऱ्याच्या गळाला ग्रेलिंग लागला. हा राखाडी मासा, पण पाठीवरचा पर उघडला की मोराने पिसारा फुलवावा तसा दिसतो. म्हाताऱ्याने चीफना खुणेने आधी दोन्ही हात पाण्यात बुडवायला लावले आणि मग तो मासा त्यांच्या ओंजळीत दिला, सोडण्यासाठी. "कोरड्या हाताने धरला की त्याच्या अंगावरचं बुळबुळीत कवच निघतं. पोहत जातो, पण नंतर मरतो," चीफ सांगत. "हातातलं काहीतरी सोडलं आणि बरं वाटलं, असं आयुष्यात एकदाच झालं."

त्या नदीवर परत जायचा बेत दर जानेवारीत नव्याने ठरायचा. जुलैचा पहिला आठवडा, सॅमनसाठी होडी आणि नावाडी, ग्रेलिंगसाठी वरच्या अंगाचा उथळ प्रवाह, राहायला लाकडी घर. परवाना कधी काढायचा, व्हिसाला कधी अर्ज करायचा, गळ आणि काठ्या तिथे नेल्यावर तिथल्या नियमाप्रमाणे आधी निर्जंतुक कशा करून घ्यायच्या, सगळं चीफ टाइप करून घरच्या ग्रुपवर टाकत. त्या ग्रुपवर चीफ, काकू, मुलगा नीरज आणि मी. बेतात माझंही नाव असायचं.

काकू त्या नदीला 'माझी सवत' म्हणायच्या. "मासा धरायचा आणि सोडायचा? मग जायचं कशाला? रावस इथे बाजारात मिळतो की."

"तो मेलेला असतो गं."

"मग, तुम्हाला काय त्याच्याशी बोलायचंय?"

संध्याकाळी चीफ खाली ब्लॉकसमोरच्या हिरवळीवर लांब काठी घेऊन सराव करत. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा गोंडा. तो गवतावर इतका अलगद उतरायचा की मैना उडायच्या नाहीत. शेजारची चिनी आजी रोज म्हणायची, "अंकल, हिअर नो वॉटर!" चीफ उत्तर द्यायचे, "फर्स्ट मॅन रेडी, देन वॉटर." मलाही त्यांनी काठी धरायला शिकवली. मी दोरी झाडात अडकवली की म्हणत, "मेल्या, ज्वारीची कणसं पाडतोस काय?" आणि स्वयंपाकघरात बाजारातला बांगडा माझ्या हातात देण्याआधी नळ सोडून दरडावत, "हात! आधी हात ओले."

पण जायचं ते नीरज आला तरच. हे बेतात कुठे टाइप केलेलं नव्हतं, तरी आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगा मोठा होत असताना चीफ कुठल्या ना कुठल्या महासागराच्या पोटात होते. आठ दिवस, दिवस न मावळणारे, आणि शेजारी मुलगा. त्यांना एवढंच हवं होतं. नीरज समुद्राकाठच्या मरीन परेडमधल्या महागड्या कॉन्डोत राहायचा, मोठ्या हुद्द्यावर होता. ग्रुपवर त्याचं उत्तर दर वर्षी एकच यायचं, सिंगापुरी ढंगात. "नेक्स्ट इयर लाह, पप्पा." चीफ त्यावर अंगठा दाखवत आणि व्हिसाचे कागद परत कपाटात ठेवत. त्यांचा खांदा धरायला लागला होता. गोंडा आता गवतावर आपटायचा. मैना उडायच्या.

मग एका जुलैत ग्रुपवर फोटो आला. नीरज, त्याचे दोन वरिष्ठ आणि हातात आडवा धरलेला भलामोठा सॅमन. खाली लिहिलेलं, 'पप्पा, युअर रिव्हर! सोडून दिला.' तीच होडी, तोच नावाडी, तोच पहिला आठवडा. वडिलांचा बेत त्याने जसाच्या तसा ऑफिसला पुढे पाठवला होता. काकूंनी फोन उपडा ठेवला. चीफनी तो उचलला, फोटो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ पाहिला.

"हात कोरडे आहेत त्याचे," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी खाली गेले नाहीत, नंतरही नाहीत.

मी म्हणालो, "चीफ, आपण दोघं जाऊ. पुढच्या उन्हाळ्यात. रजा मी काढतो, व्हिसाचं मी बघतो." मनापासून म्हणत होतो. या माणसाला काहीतरी परत द्यायची इतकी सरळ संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू येशील रे. तू चांगलाच आहेस. पण मला नदी नव्हती बघायची." त्यांनी ते दुखवायला म्हटलं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. तापात उशाशी बसलेला माणूस माझा होता, पण मी त्यांना पुरणारा नव्हतो.

न राहवून मी मरीन परेडला गेलो. नीरजने मला बसवलं, कॉफी दिली. मी विचारलं, "त्यांना का नाही नेलंस?"

"ऑफिसची ट्रिप होती, यार. आणि पप्पा ऑल्सो सेड नेक्स्ट टाइम, नेक्स्ट टाइम. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला. मी ते कुणाकडून शिकलो, सांग ना?"

त्याचं खरं होतं. पण म्हाताऱ्या माणसाचा हिशोब असा चुकता करायचा नसतो, हे करमाळ्यात अडाण्यालाही कळतं. कॉफी तशीच ठेवून मी उठलो.

फोटोमुळे चीफ गेले असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी हृदय म्हटलं, तेच खरं असेल. दिवाळीच्या आधी गेले. अस्थी घरी आल्यावर नीरज सगळ्यांसमोर रडला आणि म्हणाला, "मी पप्पांना त्या नदीवर नेणार. परमिशन काढतो. एक आठवडा रजा टाकतो."

काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या, "जिवंत होते तेव्हा विमानात जागा नव्हती का रे त्यांना?" थोड्या अस्थी त्यांनी देवगडच्या खाडीसाठी मागून घेतल्या. बाकीच्या त्याच्याकडे गेल्या.

जूनच्या अखेरीस, निघण्याआधी, नीरजचा फोन आला. "तुला त्यांचं सगळं माहितेय ना? एनिथिंग आय शुड नो?"

मी सांगितलं. होडीने मध्यावर जाऊ नकोस, वरच्या अंगाला उथळ प्रवाह आहे, तिथे जा. ग्रेलिंग तिथेच असतात. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहा. आणि कलश उघडण्याआधी दोन्ही हात पाण्यात बुडव, नीट ओले कर.

"ओके. पण हात का?"

"चीफ तसंच करायला सांगायचे," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

ओल्या हाताला राख चिकटते. झटकून जात नाही. ते मी त्याला सांगितलं नाही.