पाठीतलं पाणी

लातुरात डॉक्टरकीच्या परीक्षांचे क्लास घेणाऱ्या आनंदराज सरांना एक खोड होती. कुणी आजारी पडलं की त्यांना त्यात प्रश्न दिसायचा. लोह्याला बहिणीकडे जेवताना कुणी खोकलं, तरी घास हातात तसाच धरून म्हणायचे, "हे परीक्षेला आलेलं हाय बरं!" सगळे हसायचे.

मेंदूज्वराचा धडा तर त्यांच्या डाव्या हातचा मळ. पाठीच्या कण्यातून सुईनं काढलेलं पाणी गढूळ आणि साखर उतरलेली, तर साधे जंतू. पाणी स्वच्छ, साखर ठीक, तर बहुतेक विषाणू. पाणी स्वच्छ पण साखर उतरलेली, लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी आणि प्रथिनं वाढलेली, ठेवून दिलं की वर कोळ्याच्या जाळ्यासारखी साय, तर क्षय. त्यांची पोरं हे झोपेतही म्हणून दाखवायची.

यंदा बहिणीचा, लुंबिनीचा, एकुलता एक मुलगा सुगत तापला. डोकं दुखतंय म्हणत आठवडे गेले, गावातली औषधं झाली. मग ओकाऱ्या सुरू झाल्या, मान ताठली, पोरगं बरळू लागलं. नांदेडच्या दवाखान्यात सर धावत पोचले, तर वॉर्डातला डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी निघाला, यासेर.

"सर, पाणी काढायचंय. पण मावशी सही देईनात."

"पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो," लुंबिनी म्हणाली. "आमच्या गल्लीतला बसवंत पडला का न्हाई?"

"लुंबे, तो आजारानं पडला, सुईनं न्हाई. हे बघ, आधी साखर बघायची, मग पेशी. साखर उतरली असली तर..."

बोलता बोलता आवाज क्लासातला झाला, बोट हवेत गेलं. लुंबिनी त्या बोटाकडं बघत राहिली.

"दादा, माझं लेकरू हाय ते. तुझ्या परीक्षेतला प्रश्न न्हाई."

पिकतं तिथं विकत नाही, हे खरंच. पण इथं बाजार सरांनी स्वतःच उठवला होता. इतकी वर्षं जेवताना केलेल्या गमती आज अंगाशी आल्या. ते यासेरला म्हणाले, आठवडे चाललेलं दुखणं क्षयाचंच दिसतंय, पाण्याशिवाय त्याची औषधं तरी सुरू कर.

"आमचे मोठे डॉक्टर म्हणतात, आधी पाणी बघू." यासेरनं मान खाली घातली. "तुम्हीही तेच शिकवलं होतं, सर."

तिसऱ्या दिवशी सुगतनं आईला ओळखलं नाही. तेव्हा तिनं सही केली.

पाणी स्वच्छ निघालं. ठेवून दिल्यावर वर साय धरली. रिपोर्टातली एकेक ओळ सरांच्या फळ्यावरून उतरवल्यासारखी होती. क्षयाची औषधं लगेच लागली, पण सुगत डोळे उघडेना. सरांनी मेंदूच्या स्कॅनवर नजर टाकली आणि फार उशीर झालाय हे त्यांना कुणी सांगायची गरज उरली नाही. एवढं सगळं कळून हातात काहीच नसावं, याचा त्यांना स्वतःचाच राग आला.

लुंबिनीनं त्यांची बाही धरली.

"दादा, निघालं ना तुझं उत्तर? मग उठव की आता त्याला."

सर सुगतच्या उशाशी बसले आणि त्याचा हात हातात घेतला.