पत्र्याला बांधलेली झोळी

यंदा ऋतूंचं काही खरं राहिलं नाही. दिवाळी झाली तरी पाऊस हटला नाही, वेचायचा कापूस झाडावरच काळा पडला. आंब्याला मोहोर आला, तो सकाळच्या धुईनं गळून गेला. मला आतून भ्या वाटायचं, पण कुणाजवळ बोलले नाही. चार माणसं बसली की माझा आवाज घशातच राहतो.

लेक बाळंतपणाला आली होती. वैशाखात नातीला दोन महिने झाले. आमचं घर पत्र्याचं. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले, आणि पत्र्याखालच्या आडव्या पाइपाला मी जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती. आमच्याकडं सगळेच तशी बांधतात. माझी लेकरं तशीच वाढली.

त्या दुपारी वारा एकदम पडला. ऊन होतं, पण हळदीचं पाणी सांडल्यासारखं पिवळं. शेळी चारा सोडून भिंतीला चिकटून उभी राहिली. लेक शेजारच्या स्लॅबवर वाळत घातलेल्या कुरडया गोळा करायला गेली होती. मी दारातूनच मालकांना म्हटलं की आभाळ बरं दिसत नाही. ते म्हणाले, वैशाखात वावटळ येतच असती, आणि उठून पत्र्यावर आणखी दोन दगड ठेवून आले. मला मात्र एवढंच दिसत होतं, की झोळीत निजलेल्या नातीच्या डोक्यावर दगड वाढले.

मग वारा आला, सोबत गारा. पत्रे थाडथाड वाजायला लागले. कुणी हात लावला नव्हता तरी झोळी हलत होती. झोका घेतल्यासारखी नाही, खाली-वर. पाइपच उचलत होता. मी पोरीला ओढून काढलं आणि छातीशी धरून लोखंडी बाजेखाली शिरले. डोळे मिटले होते तरी घरात उजेड आलेला कळला. बाजेवर दगड पडले. पाइप गेला, पत्रे गेले, झोळीही गेली.

लेकीनं स्लॅबवरून झोळी उडताना पाहिली. पोर तिच्यातच आहे असं समजून ती गारांमध्ये अनवाणी पळत सुटली. मालक तिच्या मागं. मी बाजेखालून ओरडत होते, "पोर माझ्यापाशी हाय!" पण माझं मलाच ऐकू येत नव्हतं. ती परत आली तेव्हा हातात फाटकं लुगडं होतं, बाभळीतून ओढून काढलेलं. दारात उभी राहून ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. पोर रडली तेव्हा कुठं ती खाली बसली.

पुढं विहीण दिंद्रुडहून लेकीला न्यायला आली. त्यांचंही घर पत्र्याचंच. पाइपाला झोळी बांधून ठेवलीय, दोरी नवी आणलीय, असं ती कौतुकानं सांगत होती. पुरुष माणसं समोर बसली होती. तरी मी बोलले.

"इहीनबाई, झोळी पत्र्याला बांधू नका. लेकराला खाली गोधडीवर टाका. रडलं तर रडू द्या."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. विहीण हसली. "लग्नात तोंड उघडलं न्हाई तुमी, आन् आज हुकूम सोडता व्हय?"

"हुकूमच समजा," मी म्हटलं.

आता इथं वारा पडला, की मी कामं टाकून दिंद्रुडला फोन लावते. विहीणच उचलते. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणते, "खालीच हाय, गोधडीवर." मी बरं म्हणते आणि फोन ठेवून पुन्हा आभाळाकडं बघत बसते.