धामणगाव बढेची खराब बंदूक

फोनवरची जाहिरात एवढीच होती : ‘टीव्ही गेम चालू. रिमोट दोन. कॅसेट सात. बंदूक खराब. खोक्यासकट. धामणगाव बढे, ता. मोताळा.’ खाली फोटो. खोक्याचा रंग उडालेला, पण चारही कोपरे शाबूत. मी हातातला घास ताटात ठेवून उठले, तर आई घाबरली. "कोणाचं काई झालं काय वं?"

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचं एक करडं यंत्र असायचं. वरून पिवळी कॅसेट खोचायची आणि हातात वायरवालं रिमोट धरून भांडत बसायचं. मी ती यंत्रं जमवते आणि खेळते. घरातली मी पहिली पदवीधर. बी.एस्सी. झाल्याचा डोळ्यांना दिसणारा परिणाम काय, असं बाबांना विचारलं, तर ते कांद्याच्या पोत्यांवरच्या फळीकडे बोट दाखवतात. तिथं तीन यंत्रं मांडलेली आहेत आणि वर माझ्या अक्षरातला कागद आहे : ‘खेळ-वारसा संग्रहालय, उंद्री’. आजवर दोन दर्शक आले, एक चार्जर शोधत आलेला चुलतभाऊ आणि एक मांजर. मांजर जास्त वेळ थांबलं.

संग्रहालयात बंदूक नव्हती. उडणारी बदकं मारायची ती प्लॅस्टिकची बंदूक आता सहज मिळत नाही. लोक यंत्र ठेवतात आणि बंदूक फेकतात. मी ठरवलं, भंगारात जाण्याआधी हिला वाचवायचं. ‘वाचवायचं’ हा माझा आवडता शब्द होता. होता, असं मुद्दाम लिहिते आहे.

रविवारी सकाळी साडेसहाच्या एसटीनं उंद्रीहून निघाले. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा : चिखली, बुलढाणा, मोताळा आणि मग धामणगाव बढे, असे चार टप्पे आहेत. बायांना अर्धं तिकीट, त्यामुळे जाऊन-येऊन दोनशेच्या आत बसतं. चिखलीच्या स्टँडबाहेर आलूबोंडा खाल्ला. चटणी मागून घ्या, आपण होऊन कोणी देत नाही. थंडी बुलढाण्यात सगळ्यात जास्त. तिथं चहाला पैसे काढायचे तर मला खिशातून हात काढवेना.

बुलढाण्यानंतर राजूर घाट लागतो. खिडकी डाव्या बाजूची मिळाली तर पकडा, नाही मिळाली तर माझ्यासारखं उजवीकडच्या कठड्यावरची माकडं बघा. शेजारी डोक्याला मफलर गुंडाळलेल्या एक मावशी होत्या. माझ्या मांडीवरच्या पिशवीतून पेचकस डोकावत होता.

"वायरमन हाये काय वं तू?" त्यांनी विचारलं.

मी माझी खास संग्रहालयवाली भाषा काढली. "नाही मावशी. मी जुने टीव्ही गेम संकलित करते. तो आपल्या पिढीचा सांस्कृतिक ठेवा आहे."

मावशींनी मफलर सारखा केला. "आमच्या घरी व्हता एक."

"कुठं आहे?"

"कोंबड्यायले पाणी ठेवतो त्यात. वरचं झाकण काढलं का मस्त बसते."

मी पेचकस पिशवीत आत ढकलला.

मोताळ्याहून पुढे काळी-पिवळी जीप मिळाली. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चार जण. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालू होती, तुरी उभ्या होत्या. साडेअकराला धामणगाव बढेत उतरले. जाहिरात देणारे संतोषभाऊ बी-बियाण्यांचं दुकान चालवतात. ते मला स्टँडवर घ्यायला आले आणि माझ्यामागे कोणी उतरतंय का ते पाहू लागले.

"गेम घ्यायले तुमीच आल्या काय? मले वाटलं, कोणी लेकरू असंन."

त्यांच्या घराच्या ओट्यावर एक जुना डब्बा टीव्ही पोत्यानं झाकून ठेवला होता. दुपारी भंगारवाला येणार होता, त्याच्यासाठी. आत समोरच्या भिंतीवर नवाकोरा, दाराएवढा सपाट टीव्ही. कोपऱ्यावरचं स्टिकरसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. त्यालाच गेम जोडून ठेवला होता. संतोषभाऊंनी कॅसेट खोचली, बदकं उडाली. त्यांनी बंदूक रोखून चाप ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. काही नाही. गेमनं रडकी पिपाणी वाजवली.

"पाहा. गेम चालू हाये, बंदूक खराब. मी काई लपोलं नाई."

इथं थांबून एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. ही बंदूक गोळी मारत नाही, ती फक्त बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतल्या काचेला तो उजेड दिसला तर बदक पडतं. पण हा उजेड जुन्या डब्बा टीव्हीवर जसा पडतो तसाच तिला ओळखता येतो. सपाट टीव्हीसमोर ती आंधळी असते. हे मला पाठ आहे. मी यावर दोन लेख लिहिले आहेत, ते तुम्ही वाचले नसतील.

म्हणजे बंदूक खराब नव्हती हे मला दारातच कळलं. आणि खेळ-वारसा संग्रहालयाची संस्थापक काय म्हणाली?

"बंदूक खराब आहे, तर शंभर रुपये कमी करा."

संतोषभाऊ सरळ माणूस. लगेच हो म्हणाले. मग दुकानावर कोणीतरी गिऱ्हाईक आल्याचा फोन आला. "पाच मिन्टात येतो. मायसंगं चहा घ्या," म्हणून ते गेले.

त्यांच्या आई, बेबीकाकू, चहा आणि फोडणीच्या पोह्यांची बशी घेऊन आल्या. साठीच्या आसपासच्या, बारीक, डोळ्यांवर काळा चष्मा. माझ्यासमोर बसल्या आणि यंत्राचा खोका पदरानं पुसायला लागल्या.

"संतोष शायेत असतानी घेतला व्हता," त्या म्हणाल्या. "त्यानं दोन वर्सं खेळला अन् दिला सोडून. मंग मीच खेळून राह्यली तवापासून. दुपारी भांडे झाले का धा-पंधरा मिन्टं. बाकीचे गेम मले समजत नाई. हे पाखरं तेवढे समजते."

"बदकं," मी म्हणाले. अशा वेळी चूक दुरुस्त करणारी माणसं जगात असतात आणि मी त्यांच्यापैकी आहे.

"पाखरंच ना मंग. मी लहान असतानी ज्वारीत माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं राखो. बापाचं एक कणीस नाई जाऊ देलं. नेम व्हता मले." त्यांनी बंदूक हातात घेतली, नळी खाली करून, जशी खरी धरावी तशी. "आता गेला."

"म्हणजे?"

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "उजव्या डोयाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं दिवाळीनंतर. पट्टी निंगाली त्याच दिवशी संतोषनं हा टीव्ही आणला, मले मोठं दिसलं पाह्यजे म्हणून. तवापासून एक पाखरू नाई पडलं, पोरी. एकबी नाई. दिसते सगळं साफ, पण नेम नाई बसत. आतून काईतरी बिघडलं. आता संतोष म्हणते, डाव्याचंबी करू. मी म्हणतो नाई. तो इचारते काऊन, तर काय सांगू? त्यानं एवढं केलं, मोटरगाडीनं नेलं-आणलं. त्याले कसं म्हणू का तुह्या ऑपरेशननं माहा डोया गेला?" मग खोका माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "घेऊन जाय तू. समोर रायला का रोज हात जाते, अन् रोज ते पिपाणी वाजते."

इथं मी ताबडतोब बोलले असं लिहायला मला फार आवडलं असतं.

मी पोहे खाल्ले. पोहे चांगले होते, वरून कच्चा कांदा आणि शेंगदाणे. मी मनात म्हणत होते, बंदूक संग्रहालयात सुरक्षित राहील. इथं तर ओट्यावरचा टीव्ही तासाभरात जाणारच आहे. मग म्हटलं, गेम घेतल्यावर घरून फोन करून सांगू. मग म्हटलं, डॉक्टर समजावतील की. बशी रिकामी झाली. काकूंनी विचारलं, "अजून देऊ?" आणि मी, देवाशपथ, हो म्हणाले.

दुसऱ्या बशीचा पहिला घास उचलला, तेवढ्यात समोर पाहिलं. काकू डाव्या डोळ्यासमोर हात धरून उजव्यानं समोरच्या भिंतीवरची दिनदर्शिका पाहत होत्या. बहुतेक रोज पाहत असाव्यात, डोळा अजून आहे ना ते तपासायला.

"काकू," मी म्हणाले, आणि माझी संग्रहालयवाली भाषा कुठच्या कुठं गेली. "तुमचा डोया चांगला हाये. बंदूक आंधळी झाली. ह्या टीव्हीपुढं ते कोणाच्याच हातानं चालत नाई. मले माहीत व्हतं. मी बोलली नाई."

"काऊन नाई बोलली?"

"मले बंदूक पाह्यजे व्हती."

काकूंनी काळा चष्मा काढला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "थो टीव्ही आत आन."

संतोषभाऊ परत आले तेव्हा मी ओट्यावर त्या डब्बा टीव्हीला मिठी मारून उभी होते. तो जागचा हलत नव्हता, मी त्याला सोडत नव्हते. त्यांनी विचारलं, "मॅडम, हा तर भंगाराचा हाये ना?" आतून काकू ओरडल्या, "इचारू नको बे, उचल!"

दोघांनी मिळून टीव्ही आत आणला. वायरी लावल्या. आधी मुंग्या, मग निळा पडदा, मग एका कोपऱ्यात जांभळा डाग असलेलं चित्र. काकू पलंगाच्या कडेला बसल्या. पहिलं बदक उडालं. चाप. बदक निघून गेलं. पिपाणी.

 बंदूक खरंच खराब असली तर? मी या बाईला कसली आशा लावून बसले? काकूंनी बंदूक थोडी खाली घेतली. नळीची काच पदराला पुसली. दुसरं बदक उडालं. चाप. बदक पडलं.

 तिसरं पडलं. चौथं पडलं. पाचवं पडद्याच्या वरच्या कडेला पोचलं होतं, तिथून खाली आलं. संतोषभाऊ म्हणाले, "आई, बंदूक तर नीट झाली!" त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. काकूंनी बंदूक मांडीवर ठेवली. उजवा डोळा भरून वाहत होता, पण तो पुसायचं त्यांना सुचलं नाही. अगदी सहज त्यांनी विचारलं, "डाव्याचं कवा म्हणत व्हता डॉक्टर?"

संतोषभाऊ माझ्याकडे पाहायला लागले. मी भिंतीकडे पाहायला लागले.

मग काकूंनी बंदूक माझ्या हातात दिली. "खेळ, येवढ्या दुरून आली तं." मी संपूर्ण तांत्रिक माहितीनिशी बसले. दहा बदकं उडाली, दहाही सुखरूप गेली.

"पोरी," काकू म्हणाल्या, "तू दोन्हीचं करून घे."

भंगारवाला आला तेव्हा त्याला एक फुटका टब आणि जुना पंखा मिळाला. मला लिंबाच्या लोणच्याची बरणी मिळाली. गेम विकायचा नाही हे कोणी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. निघताना मात्र संतोषभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं की आईला बिघाड डोळ्यात वाटत होता, म्हणून ती नाही म्हणत होती. त्यांनी वळून आत पलंगावरच्या आईकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी तर तिच्यासाठीच टीव्ही आणला व्हता." मी म्हणाले, ते तिला माहीत आहे, म्हणूनच तर बोलली नाही.

परतीला मोताळ्यात तासभर थांबावं लागलं. रविवारी दुपारच्या गाड्या कमी असतात, हे आधी विचारून घ्या. घाटात ऊन उतरलं होतं. संध्याकाळी उंद्रीला पोचले तर बाबा गोठ्याशी उभे होते. रिकामी पिशवी पाहून त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. मी त्यांना सगळं सांगितलं, शंभर रुपये आणि दुसरी बशीसुद्धा.

"मंग सांगतलं ना शेवटी?"

"सांगतलं. पण उशिरा."

"पोटभर खाऊन," बाबा म्हणाले, आणि वैरण टाकायला गेले.

फळीवर अजूनही तीनच यंत्रं आहेत. कागदावरचं ‘वारसा’ मी खोडलं नाही, पण हल्ली ते वाचताना जरा लाजल्यासारखं होतं. मी वाचवायला निघाले होते त्या वस्तूला माझी गरज नव्हती. ती रोज दुपारी कामावर होती. गरज माझ्या एका वाक्याची होती, आणि ते द्यायला मी किती खळखळ केली! डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. संतोषभाऊंचा फोन आला होता. पट्टी निघायच्या आधीच काकू बंदूक मागत होत्या म्हणे.

एक सवय मात्र बदलली. पूर्वी विकणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असायचा, ‘चालू आहे का?’ आता मी विचारते, ‘घरात कोण खेळत होतं? आता का विकता? त्या माणसाला विचारलं का?’ परवा मेहकरच्या एका गृहस्थांनी हे तिन्ही प्रश्न शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, तुमाले गेम पाह्यजे का सोयरीक जुळवाची हाये?"